गरम पाणी थांबवा, आधी डाग बघा

संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर एकदा आणि आमच्या इंदुरातली रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, राजवाड्यावरून निघून गेली की दुसऱ्यांदा, असे वर्षातून दोनदा मला एकाच तऱ्हेचे फोन येतात. "वहिनी, डाग गेला नाही, उलट पसरला." काय काय केलंत विचारलं की उत्तर ठरलेलं: लगेच गरम पाण्यात बुडवलं, साबणाची वडी लावून ब्रशने घासलं, मशीनमधून काढलं, वाळवलं, प्रेसवाल्याकडून प्रेसही करून आणलं. तरी डाग आहेच.

असणारच. यातली प्रत्येक गोष्ट केव्हातरी उपयोगी पडते, पण या क्रमाने केली तर डाग पक्का करायचीच ती रीत आहे. म्हणून खाली सगळं क्रमाने लिहिते आहे. मधली पायरी गाळू नका आणि पुढची आधी करू नका.

## १. डब्यात सामान आधीच असू द्या

डाग पडल्यावर शोधाशोध करायची नाही. एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात हे जमवून बाथरूमबाहेर ठेवा:

- भांडी घासायचं लिक्विड (लिंबाच्या रंगाचं नको, बिनरंगी किंवा फिकट असलेलं बरं)
- पांढरं व्हिनेगर
- खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा, वेगवेगळ्या बरण्यांत, मोठ्या अक्षरात नावं लिहून
- औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड
- टाल्कम पावडर
- जुना मऊ टूथब्रश, बोथट सुरी, पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे

पुसायचं कापड पांढरंच हवं. लाल पंच्याने चहाचा डाग टिपून पंच्याचाच रंग शर्टाला लावलेला मी पाहिला आहे.

दोन सोड्यांत गल्लत करू नका. खायचा सोडा सौम्य असतो. धुण्याचा सोडा चांगलाच तिखट, हाताची सालं काढतो, आणि रेशीम-लोकरीची वाट लावतो.

सावधान: ब्लीच डब्यात ठेवूच नका, वेगळं ठेवा. ब्लीच आणि व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. "दोन्ही घातलं तर दुप्पट निघेल" हा विचार मनात आला की बादली खाली ठेवा आणि बाहेर या.

## २. पाणी कोणतं आहे ते बघा

इंदुरात निम्म्या तक्रारींचं मूळ इथे आहे. नर्मदेच्या पाण्याचा नळ एक दिवसाआड येतो, मधल्या दिवशी टाकीत बोअरिंगचं पाणी चढवलं जातं आणि धुणं नेमकं त्याच दिवशी निघतं. बोअरिंगचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून पांढरट साका करतं. तो साका कपड्यातच बसतो. टॉवेल खरखरीत, पांढरे शर्ट राखट, काळे कपडे धुरकट. मग आपण धुण्याची पावडर वाढवतो आणि साका आणखी वाढतो.

तपासणी: रिकाम्या बाटलीत पाऊण भाग पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा किस चिमूटभर टाका आणि जोरात हलवा. वर भरपूर फेस आणि खाली पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहिलं तर पाणी हलकं. फेस कमी आणि पाणी दुधाळ, तर जड.

जड पाणी असेल तर सुती कपड्यांच्या बादलीत पावडरीच्या आधी एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवा. आधी सोडा, मग पावडर, मग कपडे. जमलं तर डागाचे आणि पांढरे कपडे नळाच्या दिवसासाठीच राखून ठेवा. आमच्याकडे चादरी आणि पायपुसणी बोअरिंगवर, शर्ट आणि साड्या नर्मदेवर, अशी वाटणी कित्येक वर्षं चालू आहे.

## ३. ढीग करा, खिसे बघा, रंग तपासा

ढीग चार: पांढरे, फिकट, गडद, आणि खरकटे म्हणजे स्वयंपाकघरातली फडकी आणि पायपुसणी. खिसे उलटे करा. एक विसरलेला कागदी रुमाल सगळ्या काळ्या कपड्यांवर बर्फ पाडतो. चेन लावा, हूक अडकवा, जीन्स आणि छापील टी-शर्ट उलटे करा. डागाचे कपडे मात्र ढिगात टाकायचेच नाहीत, बाजूला काढायचे.

नवीन कपडा असेल तर आतल्या शिवणीचा कोपरा ओला करून त्यावर पांढरं कापड दोन मिनिटं दाबून धरा. रंग उतरला तर तो कपडा पहिल्या तीन-चार धुण्यांना एकटाच. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं सांगतात. हल्लीच्या रंगांवर त्या मिठाचा भरवसा धरू नका.

लेबलवरच्या खुणांपैकी तीन तरी ओळखा. टबातला आकडा म्हणजे पाण्याचं जास्तीत जास्त तापमान, त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको, आणि इस्त्रीतले ठिपके: एक म्हणजे ११०, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २०० अंशांपर्यंत.

## ४. डाग ओळखा, मग हात लावा

सगळ्या डागांना लागू पडणारे नियम आधी. वर साचलेलं असेल ते बोथट सुरीने उचला. घासू नका, टिपा. टिपताना बाहेरून आत या, नाहीतर कडं पसरतं. पाणी सोडायचं ते उलट्या बाजूने, म्हणजे डाग आला त्या वाटेनेच परत जातो. आणि कोणतंही औषध लावण्याआधी आतल्या शिवणीवर थेंबभर लावून पाच मिनिटं थांबा.

### रक्त, दूध, अंडं, घाम

यात प्रथिनं असतात. गरम पाण्याने ती अंड्यासारखीच घट्ट होतात आणि धाग्यात अडकतात. फक्त थंड पाणी, तेही भरपूर. वाहत्या नळाखाली उलट्या बाजूने धरा, मग पावडरच्या थंड पाण्यात अर्धा तास. पांढऱ्या सुती कपड्यावर रक्ताची पिवळट कडा उरली तर हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाका. बाटलीवर ६ टक्के लिहिलं असेल तर आधी तेवढंच पाणी मिसळा. फेस येईल, तो टिपून घ्या, गरज पडली तर पुन्हा.

शर्टाच्या काखेतले पिवळे चट्टे नुसत्या घामाचे नसतात. डिओडरंटमधले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार आणि घाम मिळून ते होतात. तिथे ब्लीच वापरलं की चट्टा बहुधा आणखी पिवळा होतो. एक भाग व्हिनेगर, दोन भाग पाणी, अर्धा तास. मग खळबळून घ्या आणि खायच्या सोड्याचा लगदा लावून मऊ ब्रशने हलकेच.

### तेल, तूप, कचोरी

छप्पन दुकान या इंदुरी खाऊगल्लीतून परत आलेल्या शर्टाला पाणी लावू नका. कोरड्या डागावर टाल्कम पावडर दाबून बसवा, पंधरा-वीस मिनिटांनी झटका. पावडर चिकट झाली असेल तर दुसरा थर. मग भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब थेट डागावर, बोटाने चोळा, दहा मिनिटांनी कापडाला चालेल तितक्या कोमट पाण्याने धुवा.

तपासणी: तेलाचा डाग ओल्या कपड्यावर दिसत नाही, वाळल्यावर उठतो. म्हणून तेलाचा कपडा पहिल्यांदा सावलीतच वाळवा आणि उजेडाकडे धरून बघितल्याशिवाय प्रेसला देऊ नका. आमच्या गल्लीतल्या एका प्रेसवाल्याकडून माझा एक चांगला कुर्ता खिशावर तपकिरी ठसा घेऊन परत आला होता. दोष त्याला दिला खरा, पण तेलाचा डाग मीच न बघता दिला होता.

### हळद

इथे थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त कपडे हळदीपायी वाया जातात. त्यातून आपले सकाळचे पोहे म्हणजे हळद आणि तेल एकत्र.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सासूबाईंच्या मोतिया रंगाच्या सुती साडीवर माझ्या हातून वरण सांडलं. त्यांना कळायच्या आत न्हाणीघरात गेले आणि डागावर कपडे धुवायची वडी खसाखसा घासली. पिवळा डाग डोळ्यांदेखत लालभडक झाला. घाबरून मी वर गरम पाणी ओतलं, तर तळहाताएवढा डाग ताटाएवढा झाला. मागे सासूबाई उभ्या. म्हणाल्या, "अगं, कुंकू केलंस तू त्याचं. राहू दे आता, गच्चीवर टाक." साडी तीन दिवस ओली करून उन्हात टाकली. चौथ्या दिवशी डाग कुठे होता ते फक्त मला माहीत होतं.

कुंकू हा शब्द त्यांनी नुसता रागाने वापरला नव्हता. हळदीला चुन्याचा किंवा सोड्याचा हात लागला की ती लाल होते, घरगुती कुंकू त्यावरच तर होतं. साबणाची वडी अल्कलीच असते. म्हणजे लाल झालेला डाग नवा नाही, तीच हळद आहे. लिंबू लावलंत तर पुन्हा पिवळी होईल, पण जाणार नाही. रंग बदलला म्हणजे डाग निघाला, असं समजून कित्येकजण इथेच थांबतात.

हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि स्पिरिटमध्ये विरघळतो. आणि उन्हात विरतो. म्हणून क्रम असा:

१. वरचं उचला, थंड पाणी उलट्या बाजूने.
२. भांड्यांचं लिक्विड लावून आधी तेल काढा, खळबळा.
३. डागाखाली पांढरं कापड ठेवून वरून स्पिरिटच्या बोळ्याने टिपा. खालचं कापड पिवळं होत गेलं की जागा बदला.
४. धुवून ओलाच उन्हात टाका, डाग सूर्याकडे. वाळला की पुन्हा ओला करा. वैशाखात एक दुपार पुरते, श्रावणात ढगांची मर्जी.

गडद रंगाचा कपडा असेल तर चौथी पायरी जपून. ऊन हळदीबरोबर कपड्याचा रंगही खातं. तासा-तासाला बघत राहा.

कोरडं कुंकू सांडलं असेल तर ओला हात लावायचाच नाही. कपडा झटका, उरलेलं चिकटपट्टीने उचला, मग लिक्विड.

### चहा आणि पान

दुधाच्या चहात दूधही आहे आणि चहाचा तुरट रंगही. आधी थंड पाणी, मग लिक्विडमध्ये थोडं व्हिनेगर मिसळून दहा मिनिटं. वडी इथेही नको. तुरट डाग साबणाने धरून बसतात. पानाच्या डागाला लिंबाचा रस किंवा आंबट दही लावून पंधरा मिनिटं, मग धुणं. जुना असेल तर हे दोन-तीनदा करावं लागतं.

### शाई

बॉलपेनच्या शाईला आधी पाणी नको. खाली कापडाची घडी, वरून स्पिरिट किंवा हातांचं सॅनिटायझर, आणि टिपत राहायचं. खालची घडी प्रत्येक वेळी बदला. नेलपॉलिश रिमूव्हर वापरायचा मोह टाळा. काही चमकदार अस्तरांचं कापड त्यात विरघळूनच जातं.

### गंज

गच्चीवरच्या तारेचा किंवा जुन्या हुकाचा. लिंबू आणि मीठ लावून उन्हात अर्धा तास, मग भरपूर पाणी. ब्लीच अजिबात नको, गंजाचा डाग त्याने पक्का होतो.

### रंगपंचमी

गेरेत जाणाऱ्यांना काही सांगून उपयोग नसतो, तरी सांगते: जुने सुती पांढरे कपडे घाला. परत आल्यावर कोरडा गुलाल गच्चीवर झटका, घरात नाही. मग थंड पाण्याच्या बादलीत नुसतंच खळबळा, पाणी फिकट होईपर्यंत बदलत राहा. आठ बादल्यासुद्धा लागतात. त्यानंतरच पावडर. शेवटी पांढरा सुती कपडा असेल तरच ब्लीच: अर्ध्या बादलीला दोन मोठे चमचे, दहा मिनिटं, लगेच विसळा. रेशीम, लोकर आणि स्ट्रेच कापडावर ब्लीच चालत नाही. सोनेरी-चंदेरी रंग हा डाग नसून ऑइलपेंटचाच भाऊ आहे. तो कपडा पुढच्या वर्षीसाठी ठेवून द्या.

### माळव्याची काळी माती

सगळे लगेच धुवायला धावतात. चिखल वाळू द्या. पूर्ण वाळला की ब्रशने झाडा, निम्म्याहून जास्त तिथेच पडतो. मग पाणी.

मेणाला मात्र उलटा न्याय: बर्फाने घट्ट करून खरवडा, मग खाली-वर साधा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा. गरम करायची मुभा एवढ्या एकाच डागाला.

## ५. भिजवणं: अर्धा तास, रात्रभर नाही

पावडर आधी पाण्यात पूर्ण विरघळवा, मग कपडे. उलटं केलं की पावडरचे दाणे कपड्यावर पांढरे ठिपके पाडतात. रोजच्या कपड्यांना अर्धा तास पुरे. रात्रभर भिजत ठेवलं की सुटलेला मळ परत बसतो आणि उन्हाळ्यात पाण्याला वास येतो.

चांगल्या पावडरींत एन्झाइम असतात, प्रथिनं आणि पिठूळ डाग तोडणारे. त्यांना ४० अंशांच्या आसपासचं कोमट पाणी मानवतं. उकळतं पाणी ओतलंत तर ते मरतात आणि महागाची पावडर साधी होते. रक्ताचा कपडा असेल तर तो या कोमट पाण्यातही नको.

कॉलर आणि कफांना भिजवण्याआधी कोरडेपणीच लिक्विड चोळा. तो मळ तेलकट असतो, म्हणून पाण्याआधी.

## ६. मशीन किंवा हात

मशीन ठासून भरू नका. कपड्यांच्या वर हाताची वीत शिरली पाहिजे. कपडे एकमेकांवर आपटले नाहीत तर मळ निघत नाही, नुसते भिजून बाहेर येतात. समोरून उघडणाऱ्या मशीनला कमी फेसाचीच पावडर घाला.

तपासणी: मशीनमधून "स्वच्छ" निघालेला टॉवेल कोमट पाण्याच्या तसराळ्यात पाच मिनिटं दाबा. पाणी बुळबुळीत झालं, फेस आला, तर पावडर जास्त होते आहे. पुढच्या वेळी एक तृतीयांश कमी करा.

हाताने धुताना धोपटणं फक्त चादरी आणि जीन्ससाठी. शर्टाला मऊ ब्रश, तोही धाग्याच्या दिशेने.

## ७. विसळणं, मग नीळ, मग खळ

पाणी स्वच्छ दिसेपर्यंत विसळा, साधारण तीनदा. जड पाणी असेल तर शेवटच्या बादलीत पाव कप व्हिनेगर घाला. उरलेली अल्कली जाते, टॉवेल मऊ होतात. वाळल्यावर वास राहत नाही. (ब्लीच वापरलं असेल त्या कपड्यांना हे करायचं नाही. वरची सावधगिरी आठवा.)

साबण पूर्ण निघाल्यावरच नीळ. थेंब आधी मगभर पाण्यात ढवळा, मग बादलीत, मग उघडलेला कपडा. गोळा करून टाकलात तर ढगांसारखे निळे पट्टे पडतात. खळ सगळ्यात शेवटी. भाताची पेज गाळून घ्या, गुठळी राहिली तर इस्त्रीखाली ती करपते.

## ८. वाळवण्याआधी एकदा उजेडात

ही पायरी सगळ्यांत जास्त गाळली जाते. मशीनमधून काढलेला डागाचा कपडा थेट दोरीवर नको. खिडकीपाशी धरून बघा. डाग फिका का होईना दिसत असेल, तर ओला असतानाच चौथ्या पायरीवर परत जा. ड्रायर आणि इस्त्री या दोन गोष्टी त्याला कायमचा करतात. हळद तेवढी अपवाद, तिला ऊन हवंच.

पांढरे उन्हात, रंगीत उलटे करून सावलीत. शर्ट खालच्या कडेला चिमटा लावून उलटा टांगा, खांद्यावर टोकं येत नाहीत. पावसाळ्यात दोनदा स्पिन करा आणि पंख्याखाली कपड्यांत चार बोटं अंतर ठेवा. कुबट वास आलाच तर अत्तर मारू नका, व्हिनेगरच्या पाण्यातून काढून पुन्हा वाळवा.

## ९. महेश्वरी आणि बाकीचं रेशीम

वरचं बरंच काही इथे लागू नाही. महेश्वरी साडीत बहुधा उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा असतो. रेशीम स्वतःच प्रथिन आहे, त्यामुळे रक्ताचा डाग तोडणारं एन्झाइम रेशमालाही चावतं. सोडाही नको, ब्लीचही नको. सौम्य आंबट चालतं.

आठ-दहा रिठे फोडून बिया काढा, लिटरभर पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी कुस्करून गाळा. ते पाणी बादलीभर थंड पाण्यात मिसळून साडी दोन-तीन मिनिटं खाली-वर करा. पदर आणि काठ आधी वेगळे तपासा, गडद काठाचा रंग उतरत असेल तर घरी धुऊच नका. पिळायचं नाही. मोठ्या टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळी करा, दाबा, आणि सावलीत आडव्या बांबूवर टाका. जरीच्या साडीवर अत्तर मारून ती कपाटात ठेवू नका, जरीची तार काळी पडते.

तेलाच्या डागाला टाल्कम पावडर इथेही चालते. त्याने गेला नाही तर ड्रायक्लीनला द्या, आणि देताना डाग कशाचा आहे ते चिठ्ठीवर लिहून साडीला टाचा. नुसतं तोंडी सांगितलेलं काउंटरच्या पलीकडे जात नाही.